धुराचं वय

माझ्या सासऱ्यांनी एका संध्याकाळी आम्हा सगळ्यांना घराबाहेर काढलं. भांडण झालं नव्हतं. मी फक्त एक बाटली उघडली होती.

त्यांच्या घराला रंग द्यायचं काम चाललं होतं, म्हणून सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले होते. सासरे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. दलात त्यांना सगळे ‘नाकसाहेब’ म्हणायचे. जळालेल्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून ते नुसत्या वासावरून सांगायचे, आधी गादी पेटली, मग पडदा, मग कपाट. त्या नाकाची मला लग्नाआधीपासून धास्ती होती. आमचं बोलणं म्हणजे त्यांनी “जेवलात का?” विचारायचं आणि मी “हो” म्हणायचं. घरी आले की माझ्या तोंडाकडे कमी आणि भिंतीतल्या वायरिंगकडे जास्त बघायचे.

मी लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत आहे. बदली होऊन जाणाऱ्या एका सहकाऱ्यानं मला एक स्कॉच दिली होती. जपून पी म्हणाला, सगळ्यांना झेपत नाही. त्या संध्याकाळी सासरे आतल्या खोलीत पेपर वाचत होते, बायको केस धूत होती, सासूबाई बटाटे सोलत होत्या. मी चोरपावलांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेलो, बूच काढलं आणि ग्लासात बोटभर ओतली.

“धूर!”

आवाज असा आला की ग्लास माझ्या हातातून सुटता सुटता राहिला.

“सगळे बाहेर. चपला राहू देत. आधी बाहेर!”

त्या आवाजापुढे कोण काय बोलणार? दोन मिनिटांत आम्ही रस्त्यावर. बायकोच्या डोक्यावर फेस, सासूबाईंच्या हातात अर्धा सोललेला बटाटा आणि माझ्या हातात ग्लास. समोरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. सासरे एकटेच आत राहिले. भिंतींना पालथा हात लावत, मीटरजवळ वाकत, प्रत्येक प्लगपाशी नाक नेत ते घरभर फिरले. बाहेर आले तेव्हा कपाळाला आठ्या होत्या. मग ते माझ्यासमोर येऊन थबकले.

“जावईबापू, हातात काय आहे?”

“व्हिस्की आहे, बाबा.”

त्यांनी ग्लासावर नाक धरलं. “हिला आग कधी लागली?”

बायको इतकी हसली की फेस डोळ्यांत गेला. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी ग्लास माझ्या हातातून काढून घेतला आणि तसेच आत जाऊन टेबलापाशी बसले. आम्ही मागोमाग.

“बाटलीवर काय लिहिलंय?”

“लफ्रॉइग.”

“लफडंच दिसतंय,” ते म्हणाले आणि डोळे मिटून पुन्हा वास घेतला. बराच वेळ घेतला. मी त्यांना असं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. “दोरखंड आहे. डांबर आहे. आणि दवाखाना... ते जखमेला लावायचं औषध. पण हे सगळं एका जागी कसं जळेल? काय जळलंय यात?”

“माती.”

“माती जळत नाही. आम्ही मातीनं आग विझवतो.”

आता मला बोलणं भागच होतं. सहकाऱ्यानं सांगितलेलं, खोक्यावर वाचलेलं, जे आठवलं ते सांगत गेलो. स्कॉटलंडमध्ये दलदलीची माळरानं आहेत. तिथं शेवाळ आणि गवत मरतं, पण पाण्यात बुडालेलं असल्यामुळे धड कुजत नाही. त्यावर नवं उगवतं, तेही मरतं. असे थरावर थर हजारो वर्षं साचतात. त्या काळ्या मातीला पीट म्हणतात. तिच्या विटा कापून वाळवतात आणि जाळतात. बार्ली भिजवून मोड आणतात आणि त्या धुरावर सुकवतात. पुढे दारू गाळली, पिंपात वर्षानुवर्षं ठेवली, तरी तो धूर सुटत नाही.

सासरे ग्लासाकडे बघत राहिले. “म्हणजे माणसं मुद्दाम धूर करतात,” ते सावकाश म्हणाले, “आणि जपून ठेवतात?”

“हो.”

त्यांनी एक घोट घेतला. मला वाटलं, आता ठसका लागणार. पण त्यांनी नुसती टेबलाची कड धरली. थोड्या वेळानं त्यांच्या भुवया वर गेल्या. “गेला म्हटलं तर परत आला की हा!” ते म्हणाले. “गिळल्यावर परत येतो. आगीसारखाच लबाड आहे.”

सासूबाई बटाट्यांकडे परत गेल्या होत्या. धुराचा विषय निघाला की त्या नेहमीच उठून जात.

रंगाचं काम संपलं आणि दोघं आपल्या घरी परतले. पुढच्याच आठवड्यात माझा फोन वाजला. सासरे होते. त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा फोन केला होता.

“यानंतर कुठली?” त्यांनी विचारलं. ना हॅलो, ना कसे आहात.

“बाबांनी तुला फोन केला?” बायको म्हणाली. “मला ते वाढदिवसालासुद्धा आईकडून निरोप देतात!”

सासरे आणि मी दारूच्या दुकानात गेलो. अरुंद, लांबट दुकान. छतापर्यंत बाटल्या, वरच्या फळ्यांसाठी लाकडी शिडी. गल्ल्यावरच्या बाईंच्या गळ्यात दोरीला चष्मा लटकत होता. त्यांनी बाटल्या दाखवायची घाई केली नाही. आधी विचारलं, “याआधी कुठली घेतलीत? कशी वाटली?”

“दवाखाना जळाल्यासारखी,” सासरे म्हणाले.

मी ओशाळलो. बाईंनी मात्र मान डोलावली. “मग आता समुद्राकडे जायचं की राखेकडे?”

सासरे माझ्याकडे वळले. दुकानात जावयाचा सल्ला घ्यायची वेळ त्यांच्यावर आली होती आणि मलाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. “समुद्राकडे जाऊ या,” मी आपलं ठोकून दिलं. बाईंनी टॅलिस्कर काढली. स्काय नावाच्या बेटावरची, म्हणाल्या. धूर आहे, पण त्यात मीठ आहे आणि शेवटी मिऱ्याची चुणचुण.

त्याच संध्याकाळी आमच्याकडे ती उघडली. सासऱ्यांनी वास घेतला, घोट घेतला आणि खुर्चीत मागे रेलले.

“बंदरावर एकदा होड्या बांधायचा कारखाना पेटला होता,” ते म्हणाले.

बायको टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. बाबांनी घरात आगीचं कधी काही सांगितलं नव्हतं, हे मला तिच्याकडूनच माहीत होतं.

“आत कोणी नव्हतं, ते बरं. पण समुद्रात वर्षं काढलेलं जुनं लाकूड होतं. मीठ मुरलेलं. ते लाल जळत नाही. निळं जळतं, हिरवं जळतं. अख्खी शेड मोरपिसासारखी झाली होती. पाण्याचा पाइप धरून आम्ही सगळे नुसते बघत उभे. माझ्याहून मोठे, मुरलेले गडी, तेही आ वासून बघत होते.” त्यांनी ग्लास उजेडात धरला. “आगीला सुंदर कसं म्हणायचं? लोकांची घरं जातात. म्हणून नाही बोललो कधी. पण होती सुंदर.”

बायको टॉवेल मांडीवर घेऊन तशीच बसली. मग हळूच म्हणाली, “बाबा, अजून सांगा.” त्यांनी सांगितलं. जेवण गार झालं तरी कोणी उठलं नाही.

ती बाटली संपायला बरेच दिवस लागले, कारण एका वेळी बोटभरच घ्यायची असा सासऱ्यांचा नियम होता. मग आम्ही पुन्हा दुकानात गेलो. बाईंना वाटलं, आता हे गृहस्थ तयार झाले. त्यांनी एक उंच, काळी बाटली पुढे ठेवली. ऑक्टोमोर. “याहून धुरकट माझ्याकडे काही नाही. लोक खास हिच्यासाठी येतात.”

सासऱ्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. गल्ल्यामागच्या फळीवर एक काळपट वीट पडली होती, तिकडे ते बघत होते. “ती माती का?”

बाईंनी वीट उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. जड असेल म्हणून त्यांनी हात ताठ केला होता, तो वर उडाला. वाळलेल्या पावासारखी हलकी होती ती. कडेला तुटलेल्या जागी बारीक तंतू दिसत होते. मुळं होती, गवताच्या काड्या होत्या, एक पान तर शिरांसकट होतं.

“हे गवत कधीचं?”

“एवढा थर साचायलाच शंभरेक वर्षं लागत असतील,” बाई म्हणाल्या. “आणि वीट खालच्या थरातली असली तर हे उगवलं तेव्हा माणसं काय करत होती कोण जाणे. हजारो वर्षं झाली असतील.”

सासऱ्यांनी दुसरा हात खाली लावला. तान्हं मूल धरावं तशी ती वीट धरून ते उभे राहिले. मागून एक गिऱ्हाईक आलं, खोळंबलं, तरी त्यांना भान नव्हतं. मी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे न घाबरता नीट बघितलं. त्यांचे ओठ किंचित उघडे होते.

“जन्मभर जमवलेलं लोकांचं तासाभरात जाताना मी पाहिलंय,” ते माझ्याशी बोलत होते की विटेशी, कळत नव्हतं. “पण इतक्या सावकाश जमलेलं कोणी इतक्या सावकाश जाळतं... हे नव्हतं माहीत.” मग बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, “धूर म्हातारा होतो का हो?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. “होतो,” त्या म्हणाल्या. “पिंपात वर्षं काढली की त्याची धार जाते. मवाळ होतो. पण नाहीसा होत नाही, आत मुरतो.”

“मग तो दाखवा.”

“आणि ही?” बाईंनी काळ्या बाटलीवर बोट ठेवलं.

“धूर जास्तीत जास्त किती असतो ते मला ठाऊक आहे, बाई. त्याचं पुढे काय होतं ते बघायचं राहिलं.”

बाई स्वतः शिडीवर चढल्या आणि लागावुलिन घेऊन उतरल्या. सोळा वर्षं पिंपात राहिलेली.

या वेळी बाटली सासऱ्यांच्या घरी उघडली. रंगाचा वास अजून गेला नव्हता, म्हणून खिडक्या सताड उघड्या होत्या आणि संध्याकाळचं ऊन थेट टेबलावर येत होतं. सासूबाई समोरच काहीतरी शिवत होत्या. आज त्या उठून गेल्या नाहीत. सासऱ्यांनी ग्लास भरला तशा त्या म्हणाल्या, “बघू.”

सासरे, बायको आणि मी बघतच राहिलो. त्यांनी सुई कापडात खोचली, ग्लास दोन्ही हातांत घेतला आणि वास घेतला. पुन्हा घेतला. मग ग्लास खाली न ठेवता म्हणाल्या, “हा तुमचा वास आहे.”

“माझा?”

“कामावरून यायचात तेव्हाचा.”

सासरे गडबडले. “अगं, मी फायर स्टेशनवर दोनदा आंघोळ करून यायचो! कपडेसुद्धा तिथंच बदलायचो. तू घाबरशील म्हणून.”

“यायचात ना. साबण फासून यायचात, मला काय कळत नव्हतं?” सासूबाई म्हणाल्या. “पण केसांत राहायचा. उशीला लागायचा. तुम्हाला झोप लागली की मी जवळ येऊन वास घ्यायचे. आला की मग माझा डोळा लागायचा. म्हणायचे, आला गं बाई माणूस घरी.”

सासऱ्यांनी नकळत आपल्या डोक्यावरून हात फिरवला. आता तिथं फारसे केस नव्हते.

“आणि धुराचं बोलणं निघालं की उठून जायचीस ती?”

“बोलण्याची भीती वाटायची. वासाची नाही.”

सासरे सासूबाईंकडे बघत होते. दुकानात त्या विटेकडे जसे बघत होते, अगदी तसेच. एवढी वर्षं एका घरात काढलेलं माणूस आणि त्याच्या आत इतकं साचलेलं असेल याची यांना गंधवार्ता नव्हती. नाकसाहेबांना! माझ्या बायकोनं तोंड फिरवलं आणि उगाचच खिडकी लावायला गेली.

सासूबाईंनी एक थेंबभर घोट घेतला आणि चेहरा आंबट केला. “कडू आहे मेलं.” मग थांबल्या. “नाही. थांबा. मागून गोड येतंय.”

“येतं ना?” सासरे एकदम पुढे सरकले. “आता नुसतं बसून राहा. अजून एकदा येईल.”

दोघं बसून राहिली. ऊन टेबलावरून सरकून सासूबाईंच्या शिवणावर आलं.

पुढच्या खेपेला दुकानात आम्ही तिघं होतो. बाईंनी निवडायला सोपं जावं म्हणून छोट्या ग्लासांत थेंब थेंब ओतून ठेवले. मी आणि सासरे त्यावर तावातावानं वाद घालत होतो. एव्हाना मी त्यांच्याशी वाद घालायला लागलो होतो. राखेची घ्यावी असं माझं मत, त्यांना जुन्यात जुनी हवी होती. सासूबाईंनी आपली पर्स सासऱ्यांच्या हातात दिली आणि एकेका ग्लासावर वाकून डोळे मिटून वास घेत गेल्या.

पाण्यासारख्या फिकट एका ग्लासापाशी त्या थांबल्या. बाई म्हणाल्या, ही कूल ईला. दिसते साधी, पण धूर अगदी स्वच्छ आहे.

“मग हीच ठरली का, आई?” मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हातानंच मला गप्प केलं. आमच्या मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांतल्या एकानं घसा खाकरला.

“घाई करू नका हो,” पर्स छातीशी धरून सासरे त्याला म्हणाले. “तिला घेऊ द्या वास.”