कारण गुंतागुंतीचे आहे

तीन आठवड्यांपूर्वी मला एक पत्र आले आणि मी त्याचे उत्तर दिले नाही. पत्रांना उत्तर न देणे हा माझा जुना दोष आहे. पण एरवी त्यामागे आळस असतो, या वेळी भीती होती. पाकीट मी घरगुती दुरुस्त्यांच्या एका जाड पुस्तकात लपवले, कारण ते पुस्तक उघडायला आमच्या घरात मला मनाई आहे.

पत्र एका मुलीचे होते. औषधांच्या ज्या गोदामाच्या कचेरीत मी प्रोग्रामर म्हणून आयुष्य काढले, तिथे ती आता नोकरी करते.

‘सर, तुम्ही मला ओळखत नाही,’ तिने लिहिले होते. ‘मी तुमच्या जागेवर बसते. खुर्ची बदलली आहे, खिडकी तीच आहे. तुमचा फोन नंबर कोणाकडेच नव्हता, पत्ता निवृत्तीच्या जुन्या कागदांत सापडला. मला एकच विचारायचे आहे. आपला प्रोग्राम रोज पावणेचारला नऊ मिनिटे थांबतो. का?’

हे थोडे समजावून सांगायला हवे. दुकानांच्या मागण्या दिवसभर जमत राहतात. पावणेचारला प्रोग्राम त्या गाड्यांप्रमाणे लावतो, मग याद्या छापून खाली गोदामात जातात. पण लावायला सुरुवात करण्याआधी तो नऊ मिनिटे नुसता बसून राहतो. सगळ्यांच्या पडद्यावर ‘थांबा’ असा शब्द येतो. प्रोग्राम लिहिणारा पुढच्या माणसासाठी मध्येमध्ये टिपा लिहून ठेवतो, त्या यंत्र वाचत नाही, माणसे वाचतात. त्या जागी माझी टीप आहे : ‘ही नऊ मिनिटे काढू नयेत. कारण गुंतागुंतीचे आहे.’

‘तीन वेळा यंत्रे बदलली,’ मुलीने पुढे लिहिले होते, ‘पण त्या ओळीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. आमच्यातला एक जण म्हणतो, त्या वेळात यंत्र आपली स्मृती साफ करते. तो नव्या लोकांना फळ्यावर आकृती काढून शिकवतो. इथे तुम्हाला सगळे नऊवाले आजोबा म्हणतात, राग मानू नका. आता प्रोग्राम नव्याने लिहायचा आहे. नवे साहेब म्हणतात, वीस तारखेपर्यंत कारण लेखी द्या, नाहीतर नऊ मिनिटे काढून टाका. आणि सर, खरी गोष्ट अशी की त्या नऊ मिनिटांत कोणालाच काही करता येत नाही, म्हणून सगळे उठतात. आम्ही, खोकी बांधणारे, गाड्यांचे ड्रायव्हर. कोणी फळे चिरतो, कोणी सूप गरम करतो. मी इथे दोन वर्षे आहे, आणि ज्या ज्या माणसाला ओळखते त्याला त्या नऊ मिनिटांमुळे ओळखते. तेव्हा कृपा करून कारण चांगले भक्कम असू द्या.’

पत्र वाचून मी घडी करून पाकिटात परत घातले. कारण मला माहीत होते. कारण होते उकडलेली अंडी.

तीस वर्षांपूर्वी आम्ही तिघे एका खोलीत बसायचो. एकाला आम्ही शेफ म्हणायचो, कारण त्याने एकदा नुसते पाणी करपवून दाखवले होते. एका बाईंचे नाव दशांश होते, त्यांना पूर्णांकात बोलताच येत नसे. तिसरा मी. मला काहीच नाव नव्हते. मी खोलीत आहे हे बऱ्याचदा लक्षातच येत नसे. पावणेचारला तिघांनाही कडकडून भूक लागायची. शेजारच्या लहानशा खोलीत विजेची शेगडी होती, तिच्यावर अंडी उकडायची आणि वाद घालायचा.

“सहा मिनिटं,” शेफ म्हणायचा. “बलक वाहिला पाहिजे.”

“वाहायला ती काय नदी आहे? साडेसात.”

“साडेसातच का? आठ का नाही?”

“आठला कडेने हिरवट पडायला लागतो. मी तक्ता केलाय.”

“अंड्यांचा तक्ता! आणि कामाचा तक्ता महिनाभर मागतोय मी!”

मला नऊ मिनिटांचे घट्ट अंडे आवडायचे, पण मी बोललो नाही. एक दिवस वादाच्या भरात अंडी पाण्यात राहून गेली, ती बरोबर नऊ मिनिटांनी निघाली, आणि दोघांनाही आवडली. आयुष्यात माझे म्हणणे मान्य झाल्याचा हा एकच प्रसंग, तोही मी न बोलता.

मग शेगडीचे भिंतीवरचे बटण जळले. वायरमनला बोलावले असते तर प्रश्न मिटला असता. पण मी नुकतेच ते दुरुस्त्यांचे जाड पुस्तक आणले होते, आणि पुस्तकात वाचलेले मला येते असा माझा तेव्हा समज होता. मी यंत्राच्या खोलीतून एक वायर काढली, भिंतीतल्या हवेच्या झडपेतून ओढली आणि शेगडीला जोडली. शेगडी लाल झाली. शेफने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा पडला. मला त्या दिवशी फार बरे वाटले होते.

दुसऱ्या दिवसापासून पावणेचारला यंत्र बंद पडू लागले. शेगडी आणि यंत्र एकाच वायरवर, आणि मागण्या लावायचे जड काम नेमके अंडी उकडताना सुरू व्हायचे. यंत्राच्या कंपनीचा इंजिनियर लांबून तीनदा आला. तो यंत्राच्या पोटात डोके घालून बसायचा आणि मी शेजारी बॅटरी धरून उभा राहायचो. दुसऱ्या खेपेला मला उमगले. तोंड उघडायचे एवढेच काम होते, पण माझ्याने झाले नाही. तिसऱ्या खेपेनंतर मी प्रोग्राममध्ये नऊ मिनिटे घातली : अंडी होईपर्यंत थांब, मग कामाला लाग. यंत्र सुधारले. साहेबांनी सगळ्यांदेखत माझे कौतुक केले. मग टिपेत खरे लिहायची सोयच राहिली नाही.

आता हे त्या मुलीला कसे कळवायचे? तिला भक्कम कारण हवे होते. मी चार मसुदे केले. शेवटच्यात ‘माहितीच्या समतोल स्थिरीकरणासाठी’ असे शब्द होते. ते पुस्तकात ठेवताना हिने पकडले.

“ते पुस्तक का बाहेर काढलंत?”

“पुस्तक नाही, पत्र आहे.”

हिने पत्र वाचले, मग माझा मसुदा वाचला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“अहो, हे काय आहे? शेंडा ना बुडखा. खरं कारण काय ते सांगा.”

मी सांगितले. अंडी, शेगडी, वायर, इंजिनियर. हिने मसुदा टेबलावर ठेवला.

“म्हणजे रोज डबा अर्धा परत यायचा तो कामाच्या गडबडीमुळे नव्हता?”

“नाही.”

“इतकी वर्षं मी भाजीत मीठ कमी-जास्त करत बसले!”

ती हसत सुटली, मला मात्र हसू येईना. खरे लिहिले तर माझी उरलीसुरली अब्रू जाणार, त्याला इलाज नव्हता. पण मुलीच्या हाती अंड्यांचे कारण देऊन काय होणार? साहेब ते वाचून नऊ मिनिटे त्याच दिवशी काढतील. खोटे लिहिले तर मिनिटे राहतील. या नऊ मिनिटांनी माझ्या नाकी नऊ आणले आणि पत्र पुन्हा पुस्तकात गेले.

चौदा तारखेला सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाची धार दोऱ्याएवढी बारीक झाली. गेली दोन वर्षे ती बारीकच होती, पण आता भांडे भरेना. हिने प्लंबरला बोलावले. ठेंगणा, बोलका माणूस. त्याने नळ खोलला, जाळी धुतली, गच्चीवर जाऊन टाकी पाहिली, खाली येऊन पाइप ठोकून पाहिला.

“काकू, सगळं चोख आहे. पाणी जातं कुठे मग?”

मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. अर्ध्या तासाने मला आठवले. ओट्याखाली, डब्यांच्या रांगेमागे एक कॉक आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिथला सांधा स्वतः बसवला होता. पूर्ण जोराने पाणी आले तर तो सुटेल म्हणून कॉक अर्धा बंद करून वर चिंधी बांधली होती. मी उठलो. दारापर्यंत गेलो. प्लंबर इतके मन लावून शोधत होता की मी परत येऊन बसलो.

आणखी अर्ध्या तासाने ओट्याखालून आवाज आला. “सापडलं! इथे चिंधी कोणी बांधली?”

हिने माझ्याकडे पाहिले.

“मी,” मी म्हणालो.

प्लंबर ओट्याखालून सरपटत बाहेर आला. केसांत कोळ्याचे जाळे. “काका! तुम्हाला माहीत होतं?”

“अर्ध्या तासापूर्वी आठवलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही शोधत होता... म्हटलं कशाला मध्ये बोला.”

तो जमिनीवर बसूनच खो खो हसला. हीसुद्धा. मग तो पुन्हा आत शिरला आणि तिथूनच म्हणाला, “चिंधी बांधलीत ते बरंच केलंत हो. सांधा कच्चाच आहे, जोर आला असता तर घरात तळं झालं असतं. पण तिला एक चिठ्ठी अडकवायची होती की. ‘सांधा कच्चा’, दोन शब्द. मी उगाच टाकी चढून आलो.”

त्याने सांधा नवा बसवला, कॉक पूर्ण उघडला, आणि चहा घेऊन गेला. नळाच्या धारेने ओटा भिजला. आम्हा दोघांना तेवढ्या पाण्याची सवय राहिली नव्हती.

मी टेबलाशी बसलो. इंजिनियर उगाच टाकी चढला, प्लंबर उगाच टाकी चढला, आणि आता ती मुलगी चढत होती. मी समतोल स्थिरीकरण फाडले आणि पाचवा कागद घेतला.

‘चि. मुलीस,’ मी लिहिले, ‘उशिराबद्दल क्षमा कर. कारण गुंतागुंतीचे नाही. आम्हाला पावणेचारला भूक लागायची. अंडी नऊ मिनिटे उकडायची होती, आणि शेगडीची वायर मी चुकीच्या जागी जोडली होती. यंत्राला त्या नऊ मिनिटांची गरज तेव्हाही नव्हती. माणसांना होती. फळ्यावर आकृती काढणाऱ्याला हे हळूच सांग, त्याला वाईट वाटेल. तुझ्या साहेबांना हे कारण पुरेसे वाटेल का, मला माहीत नाही. मला कोणाला काही पटवता आलेले नाही. पण दुसरे भक्कम कारण माझ्याकडे नाही, आणि तुझ्या पत्रात जे तू लिहिले आहेस ते माझ्या कोणत्याही कारणापेक्षा भक्कम आहे. तेच साहेबांना दे. मिनिटे राहिली तर माझी टीप पुसून अशी लिही : इथे नऊ मिनिटे थांबा. लोक खात आहेत.’

हिने वाचले. एका ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली : ‘डबाही संपवत जा.’

पाकीट बंद करून आम्ही दोघे चालत नाक्यावरच्या पेटीपर्यंत गेलो. तिथे मी जरा रेंगाळलो.

“आता काय?” ही म्हणाली.

“वायर झडपेतून ओढली हे लिहायचं राहिलं.”

“टाका ते.”

मी टाकले.