पाटी निघाली देवीखालच्या लेकीकडे

मित्रांनो, मी बांबूची जुनी पाटी. किन्हवलीच्या पलीकडे आमचा पाडा. तिथे चांगोबाने ओल्या कामट्यांनी मला विणले. मी मोहाची फुले वाहिली, करवंदे वाहिली. त्याची तान्ही काजलसुद्धा माझ्यात निजली. मग घरात प्लास्टिकची घमेली आली. मी पडवीत उपडी पडले आणि कोंबड्या झाकू लागले.

यंदा भात झोडले आणि काजलच्या आईने, लहानीने, मला धुऊन घेतले. आमच्या पाड्याची रीत अशी : नव्या तांदळाची भाकर पहिली घरच्या लेकीने खायची. तोवर घरात कोणी नवे चाखत नाही आणि ती भाकर ठेवलेली पाटी भुईला टेकवत नाहीत. काजल तर मुंबईत, जमिनीखालच्या मेट्रोत साफसफाईला. तिला सुट्टी मिळेना. चांगोबा जुन्या कण्या खात बसला.

"मीच जाऊन येतंय," लहानी म्हणाली. तिने नवी भाकर माझ्यात ठेवली आणि मला डोक्यावर घेतले.

मुंबईत उतरलो तर काजलचा फोन लागेना. ठिकाण ठाऊक होते ते एवढेच : "आये, माझ्या डोक्यावर देवीचं देऊळ हाय."

मेट्रोच्या दारात नम्रता नावाची पहारेकरीण होती. "मावशी, पाटी मशीनच्या पट्ट्यावर ठेवा."

"भुईला टेकवायची नाय, बाय. नवं हाय."

"पट्टा कुठं भुईवर आहे? कमरेएवढा उंच आहे की!"

लहानीने वाकून पट्ट्याखाली पाहिले, तेव्हा कुठे मला सोडले.

तिकिटाच्या खिडकीवर लहानीने देवीचे तिकीट मागितले. आतून विचारले, "कोणती देवी?"

"देव्या किती हायेत तुमच्या?"

"तीन. काळबादेवी, महालक्ष्मी, शीतलादेवी."

"मंग लांबची दे. मधल्या बघत जातंय."

गाडीत ती मला मांडीवर घेऊन बसली. माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. काळबादेवीला उतरलो, फलाट पालथा घातला, काजल नाही. पुन्हा गाडी. शेजारी कुणाली नावाची कॉलेजची पोर होती. ती सांगू लागली : वर गिरगाव, चौपाटी जवळच.

"म्हंजी आपल्या डोक्यावर दर्या?" लहानीने मला घट्ट धरले.

"नाही हो मावशी, तो बाजूला!"

महालक्ष्मीला उतरलो. वर शर्यतीचे घोडे पळतात म्हणे, देवीही आहे, काजल नाही. सिद्धिविनायक आला. लहानीने बसल्या जागी हात जोडले, पण उतरली नाही. भाकर वाळत चालली होती. काजलची कामाची पाळी संपली तर? ती ओठातल्या ओठात गुणगुणू लागली :

नवं पिकलं गो दारी, लेक माझी दूर शहरी,
घास थांबला घरी, सगळ्यांच्या ओठांवरी.

शेवटी शीतलादेवी. जिन्याच्या तळाशी निळ्या कपड्यांत, हातात फरशी पुसायचा दांडा घेऊन काजल उभी!

"आये! इथं कुठं गो? मी ड्युटीवर हाय. लोक बघतात."

"बघू दे. तुझा बापूस कण्या खातोय तिकडं. आ कर."

काजलने इकडेतिकडे पाहिले. हातांत रबरी मोजे होते, म्हणून तिने नुसते तोंड उघडले. भाकर चघळता चघळता तिचे डोळे भरले. तिने आईपुढे पाण्याची बाटली धरली. "पी. आपलंच हाय, आपल्याकडच्या भातसा धरणाचं."

लहानी एक घोट प्याली. मग लेकीकडे बघत राहिली. "पानी येतंय गो नळानं. तू घरी कशी येशील?"

काजलने दांडा भिंतीला टेकवला आणि आईच्या खांद्यावर डोके ठेवले.

मित्रांनो, मला पुन्हा कोंबड्यांवर पालथी घातली तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरी कोणी घास ठेवून थांबले असेल, तर भाकर वाळायच्या आत जाऊन या. पाट्या आपल्या पायांनी चालत नाहीत. कुणा म्हाताऱ्या डोक्याला त्या वाहाव्या लागतात.