लेकीनं मांडलेला ट्रे

मी ट्रे बोलतोय. विमानात तुमच्या पुढ्यात जेवण घेऊन येतो ना, तोच. राखाडी, प्लास्टिकचा, कुणाच्या लक्षात न राहणारा. जन्म साच्यातला, पण कळता झालो विमानतळामागच्या स्वयंपाकघरात.

तिथं एक बाई आम्हाला मांडते. डबा इथं, पाव तिथं, चमचा सरळ. कागदी नॅपकिनला ती दुहेरी घडी घालते आणि वरचं टोक आत खोचते. तसं करायला तिला कुणी सांगितलेलं नाही. डबे लहान होत गेले, लोणी बंद झालं, गोडाचा तुकडा तर चिमटीत मावेल एवढा उरला. पण घडी तिनं सोडली नाही.

एके दिवशी ती सगळ्यांना सांगत सुटली, "आज माझे बाबा आहेत या विमानात! पहिल्यांदाच बसतायत. घरून खाऊन निघू नका, असं बजावलंय मी त्यांना."

नेमका त्याच दिवशी विमानातला ओव्हन बिघडला. डबे धड गरम झालेच नाहीत. मला तिथूनच लाज वाटायला लागली. पण माझ्या हातात काय? ठेवतील तिथं जायचं.

मला एका म्हाताऱ्या गृहस्थापुढं ठेवलं. त्यांनी डब्याला हातही लावला नाही. आधी नॅपकिन उचलला आणि शेजाऱ्याला दाखवला.

"ही घडी बघितलीत का? ही माझ्या—"

"अहो, घडी कसली बघताय, भात बघा!" शेजारी कडाडला. "आत बर्फ आहे, बर्फ! कोण बनवतं हे? आणा एकदा त्याला समोर!"

पुढच्या-मागच्या रांगांतही तेच सुरू झालं. वाढणारी मुलगी माफी मागून मागून रडकुंडीला आली. चिडलेल्यांचं तरी काय चुकत होतं? भात दाताखाली करकरत होता.

जरा निवल्यावर शेजारी वळला. "हं, तुम्ही काय म्हणत होतात?"

म्हाताऱ्यांनी नॅपकिन मुठीत घेतला.

"काही नाही. माझी लेक शिवणकाम करते. तीपण अशीच घडी घालते."

मग खाली मान घालून ते जेवले. गारढोण भात, वातड पाव, सगळं. शीतसुद्धा ठेवलं नाही. एरवी मी निम्मा भरलेला परततो; त्या दिवशी लख्ख परतलो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती मला मांडत होती. फोन फळीवर, आवाज मोठा.

"बाबा, जेवलात ना नीट?"

"सगळं संपवलं गं."

"आणि शेजारच्यांना सांगितलंत का, माझी लेक तिथं कामाला आहे म्हणून?"

पलीकडून जरा जास्तच मोठ्यानं उत्तर आलं.

"सांगितलं की! खूश झाले."

ती हसली. नॅपकिन ठेवून तिनं त्यावरून दोनदा हात फिरवला. धरणीनं पोटात घ्यावं, असं वाटलं मला.

आता मला तडा गेलाय. लवकरच मोडीत निघेन. जाता जाता एकच मागणं. जेवण वाईट असेल तर तक्रार जरूर करा. फक्त "कोण बनवतं हे?" असं विचारायचं झालं, तर जरा हळू विचारा. उत्तर ठाऊक असलेला माणूस कदाचित तुमच्या शेजारीच, पोटात भूक घेऊन बसलेला असेल.