खिळ्यावरची दुसरी चावी

तग्रीद खालतोची, म्हणजे तग्रीद मावशीची, गाडी तिसऱ्यांदा माझ्या गॅरेजात आली, तेव्हा समोरचा टायरवाला हिकमत सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "काय लुअय, लग्न लावून दिलंस का या गाडीचं? सारखी माहेरी येतेय!"

मी हसलो नाही. अम्मानच्या बयादर भागात आमची गल्ली हायब्रीड गाड्यांसाठीच ओळखली जाते, आणि एकाच बिघाडानं मला दोनदा तोंडघशी पाडलं होतं. पडद्यावर तोच इशारा होता: बॅकअप वीजपुरवठ्यात दोष. नेहमीची बॅटरी ऐन वेळी बसली, तर ब्रेकला घटकाभर जीव देणारी एक छोटी बॅटरी या गाडीत असते. पहिल्यांदा मी तीच बदलली. दुसऱ्यांदा तारा, फ्यूज, जोडण्या, सगळं तपासलं. उभी गाडी किती वीज ओढते ते बघायला रात्रभर मीटर लावून ठेवला, तर गाडी माझ्याकडे तान्ह्या मुलासारखी शांत झोपली. खालतोच्या घरी गेली, की पुन्हा मरगळ.

"मग माझ्या घरातच काहीतरी आहे म्हण," खालतो म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवायची. तिचा नवरा मुनीफ ओमानात, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात होता. दर ईदला येणार येणार म्हणायचा आणि त्याचं काम वाढायचं.

"घरीच येऊन बघतो," मी म्हणालो.

गाडी अंगणात, बैठकीच्या खिडकीला खेटून उभी होती. मी मीटर लावला आणि वाट बघत बसलो. खालतोनं सेजची सुगंधी पानं घातलेला चहा आणून दिला. काटा हळूहळू खाली आला, आणि आता गाडी झोपणार म्हणेस्तोवर पुन्हा वर चढला. पुन्हा उतरला, पुन्हा चढला.

"खालतो, तुमची चावी कुठंय?"

"पर्समध्ये. आत स्वयंपाकघरात."

"आणि दुसरी?"

तिची नजर खिडकीकडे गेली. मीही मान वर करून पाहिलं. खिडकीच्या आत, चौकटीलगतच्या खिळ्यावर चावी लटकत होती.

"ती मुनीफची," ती म्हणाली. "घरात शिरला की तो आधी तिथंच हात घालतो. तिला हात लावू नकोस."

"एकदाच लावू द्या."

मी चावी घेऊन घराच्या पार मागे, गच्चीच्या जिन्यापाशी गेलो. परत येऊन पाहिलं, तर काटा तळाला स्थिर. चावी खिळ्यावर टांगली, की काटा वर. गाडीला चावी जवळ आल्याचं कळत होतं. मालक आला असं समजून ती उठायची, कुणी दार उघडत नाही म्हणून निजायची, पुन्हा उठायची. खालतो शाळेपर्यंतच चालवायची, तेवढ्यात बॅटरी काय भरणार? दोन्ही बॅटऱ्या उपाशी राहत होत्या. गॅरेजात ती चावी कधी आलीच नव्हती, म्हणून मला दोष दिसत नव्हता.

"पण एवढ्या काळात या चावीतला सेल संपायला हवा होता," मी म्हणालो.

"मीच बदलते तो." ती खिडकीबाहेर बघत होती. "तो आला आणि चावी चाललीच नाही तर?"

"पत्र्याच्या डब्यात ठेवा, म्हणजे गाडीला तिचा सुगावा लागणार नाही," मी चाचरत म्हणालो. "किंवा आतल्या खोलीत."

"डब्यात कशाला? मेलाय का तो?"

"तसं नाही हो, खालतो. मग नुसता सेल काढून ठेवू. चावी इथंच राहील, खिळ्यावर."

ती बराच वेळ चावी हातात धरून बसली. मग तिनं स्वतःच नखानं झाकण उघडलं आणि सेल काढून बशीत ठेवला. "आता परत घालून दाखव," म्हणाली. मी दाखवलं. मग तिनं घातला, काढला, पुन्हा घातला. "लगेच जमतं," ती स्वतःशीच म्हणाली. त्यानंतर मात्र सेल बाहेरच राहिला.

इशारा परत आला नाही.

बकरी ईदला मुनीफ खरोखरच आला. एका दुपारी दोघं गल्लीतून गेले. तो चालवत होता, ती शेजारी बसून समोर न बघता त्याच्याकडेच बघत होती. हिकमतनंही त्या वेळी तोंड बंद ठेवलं.

तो ओमानला परत गेल्यावर खालतो ऑइल बदलायला आली. ती उतरताना मी पाहिलं, सीट अजून मुनीफनं ठेवली तशीच पार मागे होती आणि तिनं पाठीशी दोन उशा लावल्या होत्या.

"ब्रेकवर पाय नीट पोचायला हवा, खालतो. सीट पुढे घ्या ना."

"तूच घे," ती म्हणाली. "माझ्याच्यानं नाही होत."

मी वाकून बटण दाबलं. सीट पुढे सरकत होती, तेवढा वेळ खालतो पाठ करून हिकमतच्या टायरांकडे बघत उभी होती.