चौदाव्या मजल्यावरची नात

"मॅडम, हा उंदीर आजपण थिजून बसलाय बघा," वैजयंता म्हणाली.

"बसू दे ताई. आज त्याला झटका द्यायचाच नाहीये," डॉक्टर मृणालिनी म्हणाल्या.

भाईंदरची वैजयंता अठरा वर्षं त्या संशोधन संस्थेत उंदरांचं दाणापाणी बघायची. पेटीत पायाला विजेचा हलका झटका बसलेला उंदीर दुसऱ्या दिवशी नुसती पेटी पाहूनच गोठतो, हे तिला पाठ होतं. तिचंही तेच झालं होतं. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या, पायलच्या, टॉवरमधल्या लिफ्टमध्ये ती अंधारात चाळीस मिनिटं अडकली होती. तेव्हापासून लिफ्टचं दार पाहिलं तरी घाम फुटायचा. पायल राहायची काशिमिऱ्याला, चौदाव्या मजल्यावर. वैजयंताचे गुडघे तिसऱ्या मजल्यावरच थकायचे. मग ओली बाळंतीण पायलच टाके सांभाळत बाळाला खाली आणायची. वॉचमनच्या खुर्चीत बसून नातीला मांडीवर घेताना वैजयंताला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

रोज झटका न देता ठेवल्यावर आठवडाभरात उंदीर त्याच पेटीत हुंगत फिरू लागला.

"भीती पुसली ह्याची?"

"पुसत नाही ताई. भीती शिकताना मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागात काही जनुकं जागी होतात, आठवण पक्की करतात. 'इथे आता काही होत नाही' हे शिकतानाही होतात. कुठली, तेच शोधतोय. जुनी आठवण राहते, शेजारी नवी येऊन बसते."

"माणसाचंपण असंच?"

"बरंचसं. पण दमानं घ्या. सोबत कुणीतरी असू द्या."

त्या संध्याकाळी ती पायलचा हात धरून उघड्या लिफ्टमध्ये नुसती उभी राहिली. "बस आई, आज एवढंच," पायल म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहिला मजला. एकदा चौथ्यावर घाबरून उतरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात चौदावा आला तेव्हाही छाती धडधडतच होती. घरात शिरली, पदर खोचला आणि म्हणाली, "सरक गं, आज बाळाला आंघोळ मी घालते."

सोमवारी हे सांगायला ती धावतच मॅडमकडे गेली. त्या हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "ताई, त्या उंदराची शेवटची चाचणी झाली. आता त्याला कायमचं झोपवून मेंदू तपासायचा."

अशा वेळी वैजयंता एरवी बाहेर निघून जायची. आज थांबली. त्याला तळहातावर घेतलं. तो निर्धास्त तिची बोटं हुंगत राहिला.

"लई उपकार झाले रे बाबा," ती म्हणाली.

मृणालिनी हातमोजे घालून शेजारी उभ्या होत्या. त्यांनी घाई केली नाही.