मुक्कामाची बांधणी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, हरकत नाही. मात्र नुसती पेटी म्हणू नका. कपडे, कागद आणि नको असलेल्या भेटवस्तू निमूटपणे पोटात घेणाऱ्या पेट्या वेगळ्या. माझ्या पोटात एक मालगाडी राहते. ती बोटभर लांबीच्या डब्यांची असली, तरी तिला खऱ्या गाडीच्या सगळ्या सवयी आहेत. तिच्यात तेलाची टाकी आहे, ओंडके वाहणारी उघडी वॅगन आहे, सरकत्या दारांचे बंद डबे आहेत, आणि सर्वांच्या मागे गार्डचा डबा आहे. त्याच्या खिडकीत तांदळाच्या दाण्याएवढा कंदील टांगलेला आहे.

ही गाडी एका बाईंनी घडवली. त्या कवळ्या बनवत. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे साचे पाठवत आणि बाई त्या साच्यांवरून त्यांचे हसू तयार करून परत धाडत. दिवसभर परक्यांचे दात घासून-तासून झाले, की त्याच कानशी आणि तेच चिमटे घेऊन त्या डब्यांच्या कामाला बसत. एका डब्याचे दार नीट सरकू लागेपर्यंत ऋतू बदलून जाई. गल्लीत त्यांना दातवाल्या बाई म्हणत. घरात त्या आत्या होत्या, आणि मीही त्यांना आत्याच म्हणते.

मला घडवले त्यांच्या भावाने. तो पुस्तके बांधत असे. माझे अंग पातळ फळ्यांचे, कोपरे कापडाचे, आणि आतल्या खणांच्या तळाशी त्याने एका ज्ञानकोशाची छपाईत बिघडलेली पाने चिकटवली, वर लोकरीचा मऊ नमदा लावला. त्यामुळे माझी विद्वत्ता मध्येच सुरू होते आणि मध्येच संपते. पुष्कळांची तशीच असते. मी ते लपवत नाही, एवढेच.

माझ्या खणांवरून बहीणभावांत चांगलीच जुंपली होती. आत्यांचे म्हणणे असे, की डबा खणात बसायला हवा, घुसायला नको. डब्याच्या दोन्ही टोकांना जोडणीचे आकडे असतात. तोच गाडीचा सर्वांत दुबळा अवयव. आकडा भिंतीला टेकता कामा नये, म्हणून टोकांना जागा मोकळी हवी. भावाला ही मोकळीक म्हणजे कारागिरीचा अपमान वाटे.

"तुझ्या कवळ्यासुद्धा अशाच ढिल्या बसतात का गं?" त्याने विचारले होते.

"कवळी चावायला असते," आत्या म्हणाल्या. "डबा इथे झोपायला येणार आहे. झोपेत कुणी कुणाला आवळतं का?"

भाऊ हरला, आणि मी झाले. प्रत्येक डबा पातळ मऊ कागदात सैल गुंडाळून, कुशीवर निजवून ठेवायचा. मला आडवेच न्यायचे, दोन्ही हातांवर, झोपलेले मूल नेतात तसे. या रीतीने मी कितीतरी सभागृहांत गेले. छोट्या गाड्यांच्या मंडळात लोक डब्यांचे कौतुक करत, आणि जाणते लोक डबे बाहेर निघाल्यावर वाकून माझ्या रिकाम्या खणांकडेही बघत. मला गर्व झाला होता का? झाला होता. रिकामेपणाचे कौतुक सर्वांच्याच वाट्याला येत नाही.

पुढे भाऊ गेला. आत्यांचे गुडघे थकले, एकदा त्या जिन्यात पडल्या, आणि भावाचा मुलगा त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. या भाच्याबद्दल मी जे सांगणार आहे ते रागाने सांगणार आहे. म्हणून आधीच नोंदवते, की तो सज्जन होता, आणि आत्यांवर त्याचा जीव होता. दुष्टांनी केलेली नासधूस मला समजते, तिला निदान काही हेतू असतो. प्रेमळ माणसांनी बेसावधपणे केलेल्या नासधुशीवर मात्र ज्ञानकोशात, निदान माझ्या वाट्याच्या पानांत, एकही लेख नाही.

भाचा काचसामानाच्या गोदामात माल बांधणाऱ्यांचा प्रमुख होता. पेले, बरण्या, झुंबरे घट्ट गुंडाळून तो जगभर पाठवी, आणि त्याने बांधलेला पेला फुटल्याचे कुणी ऐकले नव्हते. घर हलवताना त्याने मला उघडले, सैल कागदांत निजलेले डबे पाहिले, आणि हळहळला. एवढी मौल्यवान गाडी आणि अशी ढिसाळ बांधणी! मग त्याने आपली सारी विद्या पणाला लावली. हवेचे फुगे असलेला प्लास्टिकचा कागद आणला, फुगे आतल्या बाजूला घेऊन प्रत्येक डबा त्यात करकचून गुंडाळला, वर रबर लावले. अशा फुगलेल्या डब्यांना माझे खण पुरेनात, तेव्हा त्याने पाते घेऊन माझ्या आतल्या भिंती कापून काढल्या. डबे एकावर एक दडपले. बाहेरून लाल अक्षरांत 'नाजूक' अशा चिठ्ठ्या चारही बाजूंनी डकवल्या. आणि जागा वाचावी म्हणून मला पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर उभी करून ठेवले. म्हणजे साऱ्या डब्यांचा भार त्यांच्या त्या दुबळ्या आकड्यांवर. 'नाजूक' हा शब्द एकदा चिकटवला की हात जबाबदारीतून मोकळे होतात, अशी एक समजूत सुशिक्षित जगात फार रूढ आहे.

भाच्याने बांधणी प्रवासाची केली होती. प्रवासाला निघालेली वस्तू आवळून बांधतात, कारण ती लवकरच सुटणार असते. मी मात्र मुक्कामाला आले होते.

आत्याही मुक्कामालाच आल्या होत्या. त्यांना घरातली सर्वांत शांत खोली मिळाली, जाड गादी मिळाली, दाराला पडदा मिळाला. जिना नको, ऊन नको, डोळ्यांना ताण नको म्हणून कानशी-चिमटेही नकोत. तेही गुंडाळून माझ्या शेजारी वर आले. आत्या अधूनमधून माझी चौकशी करत. भाचा म्हणे, "अगदी सुरक्षित आहे आत्या, तू काळजीच करू नकोस." आणि दार लोटून घेई, त्यांना आराम पडावा म्हणून. असे दोन उन्हाळे गेले. पत्रा तापे, निवे, पुन्हा तापे. फुगे डब्यांच्या रंगाला चिकटून बसले.

मग मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला. मोठे प्रदर्शन भरणार होते आणि त्यांना आत्यांची मालगाडी हवी होती. भाच्याने आनंदाने होकार दिला. गाडी तो स्वतः पोचवील, आत्यांना मात्र एवढी दगदग झेपणार नाही, असेही त्याने परस्पर सांगून टाकले. पडद्यामागून आत्यांनी सारे ऐकले. त्या भिंत धरत बाहेर आल्या.

"गाडी जाईल तर मीही जाईन," त्या म्हणाल्या. "आणि मी नको असेन, तर गाडीही नको."

भाचा डॉक्टरांचे म्हणणे सांगू लागला, रस्ता किती खराब आहे ते सांगू लागला. आत्यांनी वाद घातला नाही. त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि पेटी खाली आण म्हणाल्या.

मित्रांनो, त्यानंतर जे झाले ते पाहताना माझा राग माझ्याच पोटात अडकला. भाच्याने रबर काढले, पहिला प्लास्टिकचा पापुद्रा सोलला, आणि त्याचे हात थांबले. तेलाच्या टाकीच्या काळ्या, आरशासारख्या रंगावर गोल गोल पांढुरके ठसे उठले होते, रांगेने, फुग्याला फुगा लागून. दुसरा डबा तसाच. तिसऱ्याचा आकडा मोडून प्लास्टिकातच राहिला. गार्डच्या डब्याचा तर रंगच फुग्यांबरोबर निघून आला. उत्तम बांधणी म्हणून उभ्या बाजारात नावाजलेला तो माणूस खाली मान घालून उभा राहिला. त्याची बायको ओट्याजवळून दोन पावले पुढे आली आणि तिथेच थबकली.

आत्यांनी टाकी उचलली, उजेडाकडे धरली, सगळीकडून फिरवली.

"कांजिण्या," त्या म्हणाल्या.



"मी त्यांना नाही म्हणून कळवतो," भाचा पुटपुटला. "आत्या, मी... ही बांधणी कधीच चुकत नाही गं."

"चुकली नाहीच. तू गाडी बांधलीस ती पाठवायला. मला ती ठेवायची होती. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं." त्यांनी टाकी खाली ठेवली. "माझी हत्यारं कुठे आहेत?"

हत्यारे खाली आली. डोळ्यांच्या ताणाबद्दल कुणी काही बोलले नाही. कवळीला चकाकी आणायची जी पूड असते, ती पाण्यात कालवून आत्यांनी फडक्याच्या टोकाने एकेक ठसा घासायला घेतला. मोडलेला आकडाही त्यांनी कानशीने नवा घडवून बसवला. जेवणाच्या टेबलावर आता जेवण होईना.

"आत्या, ताटं कुठे मांडू?" भाचसून विचारी. "टेबलावर मालगाडी उभी आहे."

"सिग्नल पडला की हलेल," आत्या म्हणत, आणि सगळे ओट्याशी उभ्याने जेवत. त्या घरात इतका गोंगाट मी प्रथमच ऐकत होते. पडदा तर सुनेने हात पुसता पुसता एका बाजूला खोचून टाकला, तो तसाच राहिला.

भाच्याकडे माझ्या भिंती पुन्हा बसवण्याचे काम आले. त्याने काटेकोर मापे घेतली, आणि आत्यांनी ती सगळी पुन्हा घ्यायला लावली.

"किती मोकळं ठेवू?"

"काडेपेटीची काडी सहज फिरेल इतकं."

"डबा हलेल ना मग?"

"हलू दे. हलतो म्हणून आकडा वाचतो."

निघायच्या दिवशी त्याने मला गाडीच्या डिकीत पट्ट्यांनी आवळायची तयारी केली होती. सवय एका आठवड्यात जात नाही. आत्या मागच्या आसनावर जाऊन बसल्या आणि हात पुढे केले. मग त्याने मला, दोन्ही हातांवर, आडवी, त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांच्या पाठीला म्हणून त्याने आणलेली उशी त्यांनी काढून माझ्याखाली सरकवली. रस्ताभर तो अशा बेताने गाडी चालवत होता, की मागचे लोक भोंगे वाजवून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. प्रत्येक गतिरोधकाआधी तो सांगे, "आत्या, आला." आत्या मला किंचित उचलून धरत.

प्रदर्शनात गाडी धावली. टाकी चमकत होती. गार्डचा डबा मात्र पुरता बरा झाला नव्हता. नव्या रंगाखालूनही काही ठसे दिसत. मंडळातल्या एका जाणत्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, हे कशाचे. आत्यांच्या आधी भाचाच पुढे झाला.

"मी गुंडाळला होता," तो म्हणाला. "फार काळजी घेऊन."

त्या गृहस्थांनी मान हलवली. अशी काळजी त्यांच्याही घरात कुणीतरी कधीतरी घेतली असावी.

घरी परतल्यावर भाच्याने मला हातांवर घेतले आणि दिवाणखान्यात उभा राहिला. कुठे न्यावे ते त्याला कळेना. पूर्वी त्याला सारे कळत असे. ही प्रगती मी नोंदवून ठेवते.

"आत्या, कुठे ठेवू हिला?"

"माझ्या खोलीत. पलंगाखाली नको, खिडकीतल्या उन्हात नको. टेबलावर, आडवी. आणि अधूनमधून उघडून बघत जा."

"किती दिवसांनी?"

"पेटी महिन्यातून एकदा," आत्या म्हणाल्या. "मला रोज."

मित्रांनो, सावकाश जमणाऱ्या दोषांवर मी बराच विचार केला आहे. मला उसंत भरपूर होती. तुमच्याही घरात काहीतरी 'अगदी सुरक्षित' ठेवलेले असेल, आणि ज्याच्या हाताने ते घडले ते माणूस कदाचित शेजारच्याच खोलीत असेल. ते कसे ठेवायचे हे त्या माणसाला विचारा. मग ते उघडा, आणि उजेडाकडे धरून सगळीकडून पाहा. वाईट वाटण्याजोगे काही दिसले, तर वाईट वाटू द्या. फडके आणि हत्यारे शोधायला माणूस त्यानंतरच उठतो.