मेलेल्याचं नाव माझ्याकडे होतं

मामाचं मरण गावाने पक्कं केलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. कचेरीचे शिपाई येऊन ओझी वाहायला मामासकट सोळा माणसं घेऊन गेले त्याला दीड वर्ष झालं होतं. उत्तरेला गोऱ्यांची गोऱ्यांशी लढाई होती आणि त्यांचं पीठ नि त्यांच्या गोळ्या पोचवायच्या आमच्या डोक्यांनी. सोळांतले चार परत आले. त्यांनी सांगितलं, कातेबेला, म्हणजे माझ्या मामाला, हगवण लागली, चालवेना, म्हणून त्याला झाडाखाली ठेवला आणि पुढे निघालो. मेला असं कोणी म्हणालं नाही. पण झाडाखाली ठेवलेला माणूस म्हणजे मेलेलाच, हे तेव्हा घराघरात ठाऊक होतं.

आमच्यात मेलेल्याचं नाव मातीत घालत नाहीत. ते बहिणीच्या मुलाला देतात. मला नव्या चटईवर बसवलं, मामाचं धनुष्य हातात दिलं आणि माझं मुताले हे नाव संपलं. मी कातेबे झालो. म्हातारे मला बरोबरीचा मानून हाक मारू लागले, मामाची मुलं बाप म्हणू लागली, मामी चिलेशे माझी बायको झाली. मला हे जड गेलं असं म्हणणार नाही. मला ते फार आवडलं.

लढाई संपून तीन आठवडे झाले आणि भर दुपारी कातेबे गावात आला. अंगाला गोणपाट, पाय काटक्यांसारखे. बायकांनी पोरं उचलली. बसायला कोणी काही दिलं नाही. गावप्रमुख मुकुकाने त्याला झोपड्यांच्या बाहेरच थांबवला आणि भाल्याच्या अंतरावरून विचारपूस सुरू केली. आईचं नाव, आजीचं नाव, कुठल्या वर्षी राबासाठी फांद्या तोडताना कोण झाडावरून पडला. मामाने सगळं बरोबर सांगितलं. मुकुका म्हणाला, यात काय, भुताला आपलं घर ठाऊक असतंच. मेलेल्याला कळणार नाही असं काहीतरी सांग. ही लढाई कशावरून झाली ते सांग.

"एका राजाच्या वारसाला कोणीतरी गोळी घातली," मामा म्हणाला. "त्यावरून."

"तो राजा आपला?"

"नाही. आमच्या साहेबाचाही नव्हता. ते गाव कुठे आहे तेही साहेबाला नीट सांगता येईना."

लोक हसले. मुकुका हसला नाही. "आपल्यात माणूस मेला तर आपण एका मांत्रिकाला विचारतो, कोणी केलं म्हणून. यांनी एका माणसापायी सगळी दुनिया मारली म्हणतोस? बाबा, जिवंत माणूस थापसुद्धा पटेल अशी मारतो."

साहेबाने सांगितलं तेच मामा सांगत होता. खरं तेवढंच होतं आणि त्या खऱ्यानेच त्याचा घात केला.

मग मुकुका माझ्याकडे वळला. नाव ज्याच्याकडे आहे त्याने सांगावं, हा तुझा मामा की कोण? मामाच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. मी लहान असताना माझ्याच कुऱ्हाडीने ती गेली होती. धुळीत तो पाय मला स्वच्छ दिसत होता. मागे चिलेशे उभी होती. मी म्हणालो, "मला सांगता येत नाही."

तेवढं पुरलं. त्याला गावाबाहेर, राबाच्या शेतातल्या राखणीच्या झोपडीत घालवून दिलं.

पाठोपाठ गावात ताप आला. खोकला, नाकातून रक्त, तिसऱ्या दिवशी माणूस गार. आठ दिवसांत अकरा गेले, त्यांत मुकुकाची लेक. ज्या गावांत कुठलाही कातेबे गेला नव्हता तिथेही माणसं पडत होती, पण ते कोणाला ऐकायचं नव्हतं. भुतानेच आणलं, असं ठरलं. सकाळी झोपडी पेटवायची, असंही ठरलं.

मी त्यांच्या आधी पोचलो. मामा खोकत पडला होता. मला वाटलं शिव्या देईल. त्याने नुसतं विचारलं, "भाच्या, मी मरणार कोणत्या नावाने? माझं तर तू घेऊन बसलास. बिननावाचा गेलो तर माझ्यामागे चटईवर कोण बसणार?"

लोक आले, हातात पेटते पलिते. मी दारात उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं की हा माझा मामा कातेबे आहे, मी मुताले आहे, त्या दिवशी मी खोटं बोललो. धनुष्य मामाच्या हाताशी ठेवलं. मला वाटलं होतं, खरं बोललं की माणसं ऐकतात. मुकुका मागे सरला आणि म्हणाला, याची जीभ त्याने धरली आहे. माझ्या सख्ख्या भावाने मान हलवली. काल मला बाप म्हणणारी पोरं त्याच्या आड लपली. झोपडी त्यांनी जाळली नाही, कारण आत आता दोघं होते, आणि दोन भुतं एकदम अंगावर घ्यायची छाती कोणात नव्हती. आम्हाला दोघांनाही गावात यायची बंदी झाली.

तिसऱ्या दिवशी चिलेशे टोपलीत नाचणीचा गोळा घेऊन आली. राखेत पेरलेल्या शेताच्या कडेलाच थांबली.

"आधी सांग, तू कोण? कातेबे असशील तर टोपली घेऊन पुढे येते."

आत मामाचा श्वास घरघरत होता. तो ऐकत होता. मला भूक होती. ती बाई मला हवी होती, अजूनही आहे.

"मुताले," मी म्हणालो. "कातेबे आत आहे."

तिने बराच वेळ झोपडीकडे पाहिलं. आत शिरायची तिची हिंमत झाली नाही, परत जायचीही होईना. शेवटी तिने टोपली जमिनीवर ठेवली, आणि झोपडीकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता, नवऱ्याचं नाव घेऊन जेवायला हाक मारली.

आतून उत्तर आलं.